कोपऱ्यातलं टेबल

"झालं सुरू!" निषादने गिटारच्या तारांवर तळहात आपटला.

किशोरच्या बारच्या मागच्या अंगाला मारुतीचं देऊळ. भूगावात तेव्हा सोसायट्या नुकत्या उगवायला लागल्या होत्या, पण देवळाचा भोंगा जुनाच. दर शनिवारी संध्याकाळी इकडे निषादने ब्लूजचा पहिला सूर लावला, की तिकडे भजन उसळायचं. टाळ, पखवाज आणि सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलेला एक फाटका आवाज. आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे मान मोडायची ती या एका संध्याकाळसाठी, आणि तीही धड मिळू नये!

"वाजव रं," किशोर गल्ल्यावरून म्हणाला. "त्या कोपऱ्यातल्या टेबलामुळं तुझं गानं चालू हाय. बाकीच्यांना क्रिकेट पायजे. ती म्हातारी मान्सं उठली, की मी टीव्ही लावला म्हून समज."

कोपऱ्यात हैबतराव आणि त्यांचे चार सोबती. पांढऱ्या टोप्या, कपाळी बुक्का, स्टीलच्या पेल्यांत बिअर आणि पुढ्यात खारे शेंगदाणे. त्यांना गाण्यातला इंग्रजीचा एकही शब्द कळत नव्हता. पण टाळी अशी जागेवर पडायची, की निषादचीच लय चुकावी.

निषाद त्यांच्यापाशी गेला. "आबा, तुम्ही गावातले. त्या भजनवाल्यांना आवाज कमी करायला सांगा ना."

"आमी?" हैबतरावांना ठसका लागला. "द्येवाचं काम हाय, बाबा. त्यात मधी पडाया नगं."

"माझ्या घरमालकीण धोंडाबाई भाडं न्यायला येतात, त्यांनाही सांगून पाहिलं. त्या म्हणतात, घरबसल्या भजन ऐकून त्यांचं मन भरतं."

"असं म्हनली?" हैबतरावांचा चेहरा फुलला. "मग चालू द्या की!"

"पण बायकांना म्हणे त्या वेळी देवळात फिरकायची बंदी आहे."

"शिस्त पायजे," दुसरा म्हातारा गंभीरपणे म्हणाला. त्याने घड्याळ पाहिलं आणि तंबाखू थुंकायला म्हणून मागच्या दाराने सटकला.

भजन थांबलं. निषादने हायसं वाटून गिटार उचललं. म्हातारा दारात परत दिसला न दिसला, तोच भजन दुप्पट जोरात सुरू.

"बास!" निषाद ओरडला आणि तरातरा देवळाकडे निघाला.

"आरं पोरा, बस की!" हैबतराव मागून हाका मारत राहिले. "एक बिअर घे माझ्याकडनं! दोन घे!"

देवळात चिटपाखरू नव्हतं. माइकसमोर एक टेपरेकॉर्डर एकटाच टाळ कुटत बसला होता.

निषादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मंडळ खुशाल घरी लोळतंय, आणि छळ आपला! त्याने टेप खटकन बंद केला, कॅसेट खिशात घातली, आणि परत येऊन कुणाला काही न सांगता गाणं धरलं.

आज पहिल्यांदाच त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र चुळबुळ होती. हैबतराव खिडकीकडे कान देऊन अर्धवट उठले. तेवढ्यात निषादने ओळ उचलली, घोळवली, तीच पुन्हा म्हणायला घेतली, आणि हैबतराव मटकन बसले. राहवेना. पाचही जणांनी ती ओळ वरच्यावर झेलली. शब्द कसले, नुसता सूर. पण असा, की क्रिकेटवालेही ठेका धरू लागले. किशोरने रिमोट खणात टाकला. "आता बुधवारीबी येत जा!"

निषादला आभाळ ठेंगणं झालं. मग सगळ्यांच्या वर चढत भोंग्यातला तोच फाटका आवाज टिपेला गेला, आणि त्याची बोटं तारांवर अडखळली.

दार उघडलं. दारात धोंडाबाई, मागे चार बाया.

"देवळात मारुती एकला, आन आवाज हितनं येतुया!" धोंडाबाईंनी पदर खोचला आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. "चला, उठा, भजनी मंडळ!"

खुर्च्या सरकल्या. किशोरने टीव्ही लावला.