पाठ दिसली की थांब

समजा, बाळांनो, तुम्ही तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे आहात. समोर लहानशी धावपट्टी. तिच्या एका अंगाला सागाचं आणि बांबूचं जंगल, आणि लांब, अगदी लांब, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूर. सूर्य नुकताच वर आलाय आणि नेमका डोळ्यांत शिरतोय. राहिलात उभे? मग शेजारी बघा, तिथं संघप्रिया आहे. पाचवीतली. तिचं लक्ष विमानांकडे नाही. विमानांच्या मागं वाढलेल्या गवताकडे आहे.

त्या गवतात वाघ होता म्हणे. दिसला कुणालाच नव्हता. पण आदल्या संध्याकाळी ओल्या मातीत त्याचे पंजे उमटलेले चौकीदार पत्रूभाऊनं पाहिले, आणि तेव्हापासून तो चौकीचं दार सोडायला तयार नव्हता.

"तुले काय, तू चौकीत बसून राह्यतं," संघप्रियाचे बाबा, श्रावण, त्याला म्हणाले. "मले त्या गवताच्या तोंडाशी उभं राहा लागते."

"म्हून तं म्हनतो श्रावणभाऊ, आज सुट्टी मार. वाघ काई तुही हजेरी घेत नाई."

"साहेब घेते ना!"

श्रावणचं काम असं होतं. इथं मुलं विमान चालवायला शिकत. उडण्याआधी विमान चाकांवर हळूहळू धावपट्टीपर्यंत न्यावं लागतं. वाट अरुंद, आणि कडेला दुसरी विमानं उभी. आपल्या पंखाचं टोक आणि शेजारच्या विमानाचं शेपूट यांत किती जागा उरली, हे आत बसलेल्याला नीट कळत नाही. म्हणून श्रावण पुढं त्या शेपटाजवळ उभे राहत आणि नजर ठेवत. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही ऐकू जायचं नाही. तेव्हा तिथली पद्धत ठरलेली होती. श्रावणचं तोंड दिसतंय तोवर ये. पाठ दिसली की थांब.

"बाबा," संघप्रियानं हळूच विचारलं, "माय मोहफुलं वेचाले जाताना करते, तसं केलं का तुमी?"

"तिथी गेल्यावर करतो ना, बेटा. इथीच केलं तं हा पत्रू आठ दिवस हासंल." त्यांनी चमकपट्ट्यांच्या जाकिटात हात घालून खिसा चाचपून दाखवला.

"विसरू नका. वाघ मागूनच येते."

"नाई विसरत, माय माही."

तेवढ्यात नबील आला. चंद्रपुरात त्याच्या वडिलांचं कुलरचं दुकान होतं. आज तो पहिल्यांदा एकटा उडणार होता.

"काय कॅप्टन," तो संघप्रियाला म्हणाला, "तिकीट काढलं का आजचं?"

"आधी तुमी तं उडा, दादा!"

नबील हसला, पण ओठ कोरडे पडले होते त्याचे. तो विमानात चढला. श्रावण जाऊन जागेवर उभे राहिले. इंजिन सुरू झालं, धूळ उठली, आणि विमान मध्ये आल्यावर कुंपणावरून बाबा दिसेनासे झाले. संघप्रियाला दिसत होता तो फक्त पांढरा पंख, हळूहळू पुढं सरकणारा. त्याच्या पलीकडे गवत हललं. वारा तर पडलेला होता.

आता थांबेल, तिला वाटलं.

पंख थांबला नाही. पत्रा टराटरा फाटावा तसा आवाज झाला, आणि मग इंजिन बंद पडल्यावर तर त्याहून भयंकर शांतता.

ती धावत गेली तेव्हा उभ्या विमानाचं शेपूट वाकलं होतं. बाबा गवतात पालथे पडले होते, कोपर सोललेलं, टोपी कुठल्या कुठं उडालेली. डोक्यावरून पंख गेला होता त्यांच्या. नबील विमानातून खाली उतरत होता.

दुपारी पत्र्याच्या खोलीत चौकशी बसली. मोठ्या कचेरीतून आलेले साहेब टेबलाशी होते. बाबांचा डबा घेऊन आलेली संघप्रिया भिंतीला टेकून ऐकत होती.

"मागं गवत हाललं, साहेब," श्रावण म्हणाले. "मले वाटलं, आलाच तो. मी गवताकडे वळलो, इमानाकडे पाठ केली. पाठ दिसली म्हन्जे थांबाचं. हा थांबलाच नाई."

"श्रावणभाऊ, काऊन असं बोलता?" नबीलचा आवाज फाटला. "तुमी माझ्याकडेच पाहून राह्यले होते. उन्हानं नीट दिसत नव्हतं, पण तोंड दिसलं. डोळे दिसले. शेवटपर्यंत!"

"माह्या पोरीची शपथ, मी पाठ केली होती."

"आणि मी अम्मीची शपथ घेऊ का?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोघांपैकी एक खोटं बोलतोय. श्रावण, तू खोटं बोलत असशील तर नोकरीही गेली आणि राहायची खोलीही. आणि नबील, तू बोलत असशील तर पुन्हा विमानात पाय ठेवायचा नाहीस. संध्याकाळपर्यंत ठरवतो मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कालपर्यंत जे दोघं एका कपबशीतला चहा वाटून घेत, त्यांच्या नजरेत आता फक्त राग होता.

बाबा खोटं बोलत नाहीत, हे संघप्रियाला ठाऊक होतं. नबीलदादाचं तोंड पाहिलं तर तोही खोटं बोलत नव्हता. ती तिथंच उभी राहिली. मग तिला बाबांनी सकाळी चाचपून दाखवलेला खिसा आठवला.

ती कुणाला न सांगता बाहेर पडली.

"ए पोरी, तिकडे नको जाऊ!" पत्रूभाऊ चौकीतून ओरडला. "तिथी वाघ हाय!"

ती गवतात शिरली. बाबा पडले होते तिथं गुडघ्यांवर बसून तिनं दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. समोर कुठंतरी काटकी मोडली. ती हलली नाही. शोधत राहिली. आधी टोपी सापडली, आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर ते दुसरं.

ती परत आली आणि खोलीच्या उंबरठ्यावर उभी राहिली. मागं लख्ख ऊन होतं. तिनं बाबांची टोपी डोक्यावर घातली होती.

साहेबांनी मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय गं? अशी टक लावून काय पाहतेस माझ्याकडे?"

संघप्रियानं त्यांच्याकडे पाठ केली होती. त्यांच्याकडे पाहत होता तो तिच्या डोक्यामागं बांधलेला पुठ्ठ्याचा चेहरा, वाघानं मागून येऊ नये म्हणून तिनंच बाबांसाठी रंगवलेला.