भिजलेले बाण

"ताडपत्री घट्ट बांधली होतीस ना?" शेगडीवरचं मांस उलटवत ड्वेनने तिसऱ्यांदा विचारलं.

"बांधली होती," रसेल म्हणाला.

"नाही, काल मिसुरीकडे धो धो पडला म्हणे. म्हणून विचारलं, जावईबापू."

हिरवळीवरच्या खुर्च्यांतून हसू उठलं. रसेलही हसला.

चार जुलैचे, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके दर वर्षी त्याचे सासरे व्हर्लिन स्वतः गाडी घेऊन राज्याच्या सीमेपलीकडून, मिसुरीतून आणत. एक्केचाळीस वर्षांत हे काम त्यांनी ड्वेनलाही दिलं नव्हतं, आणि ड्वेन तर त्यांचा मुलगा. यंदा त्यांचा रसेलला फोन आला. "तू घेऊन ये," एवढंच म्हणाले. मार्लाशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. या घरात रसेलला कुणी काही काम सांगितलं ते हे पहिलंच. त्या आठवड्यात त्याने ताडपत्रीची दोरीसुद्धा नवी घेतली.

काल परत येताना वाटेत अर्धा तास पाऊस लागला. दारात गाडी लावून त्याने ताडपत्री काढली तेव्हा खोकी कोरडी वाटली. एकाचा कोपरा जरासा गार लागला. त्याने तो बोटांनी चाचपला आणि कुणाला काही सांगितलं नाही. व्हर्लिन म्हणाले तशी खोकी तळघरात नेऊन ठेवली, आणि निघताना हात पुढे केला. व्हर्लिननी नुसती मान हलवली. त्यांचे हात खिशातच राहिले.

आजही ते अक्रोडाखालच्या खुर्चीत तसेच बसून होते. मांस भाजायला त्यांनी ड्वेनला उभं केलं होतं. त्यांच्या बहिणीने कणीस पुढे केलं तर "दात दुखतोय," म्हणाले. कॉफी अर्धाच पेला मागितली. रसेल दोनदा शेजारी जाऊन बसला.

"ऊन फार आहे आज," तो म्हणाला.

"हं."

"यंदा निळ्या रंगाचे बाण जास्त आणलेत. तुम्हाला आवडतात असं मार्ला म्हणाली."

व्हर्लिन कुंपणाकडे पाहत राहिले.

"मनाला लावून घेऊ नकोस," मार्ला नंतर त्याला म्हणाली. "आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. बोलायची सवय मोडलीय."

अंधार पडू लागला तशी ड्वेनने पाण्याची बादली भरली. खुर्च्यांची रांग लागली. खोकी व्हर्लिननी सकाळीच वर आणून अंगणाच्या टोकाला फळीवर मांडली होती. पोरांनी हात लावू नये म्हणून वर चादर टाकली होती.

"बाबा, हा लायटर घ्या," ड्वेन म्हणाला. तो दर वर्षी म्हणायचा.

"लायटर आळशी माणसाला," सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, कारण व्हर्लिनही दर वर्षी हेच म्हणायचे. ते वाती पेटवत त्या स्वयंपाकघरातल्या लांब काड्यांनी. एका वातीला एक काडी.

व्हर्लिन फळीपाशी गेले. चादर सरकवली. मग एक खोकं बुटाच्या टोकाने दाबलं. पुठ्ठा आत गेला आणि तसाच राहिला.

"ओली आहेत," ते म्हणाले. "यातलं काही उडायचं नाही."

"असं कसं?" ड्वेन लायटर घेऊन पुढे झाला. पहिल्या वातीने जरा फुरफुर केली आणि विझली. दुसऱ्या खोक्यातून धूर आला. तिसऱ्यातून तोही नाही. फुलबाज्यांची पाकिटंसुद्धा लगदा झाली होती.

"संपलं?" ड्वेनच्या सहा वर्षांच्या बेथनीने विचारलं.

"संपलं. पुढच्या वर्षी जावईबापूंना पाणीच आणायला पाठवू. ते भिजलं तरी चालतं."

या वेळी फारसं कुणी हसलं नाही, आणि रसेलला तेच जास्त लागलं. पलीकडच्या घरातून एक बाण वर गेला आणि हिरवा होऊन फुटला. व्हर्लिनच्या बहिणीने हळूच आपली खुर्ची तिकडे वळवली. मग बाकीच्यांनीही वळवल्या. सगळं घर शेजाऱ्यांचे फटाके पाहत बसलं.

"एक कोपरा गार लागला होता," रसेल म्हणाला. "कालच लक्षात आलं होतं. मी बोललो नाही."

मार्लाने वळून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. व्हर्लिनही जमिनीकडेच पाहत होते. या माणसाला आपल्याकडे बघवतही नाही, असं रसेलला वाटलं.

"बर्फ संपला," कुणीतरी म्हणालं.

"मी आणतो," रसेल उठला. तेवढंच डोळ्यांआड होता येईल.

"राहू दे," व्हर्लिन घाईने म्हणाले. "मी जातो."

आता बर्फ आणण्याइतकाही विश्वास उरला नाही. रसेल न थांबता तळघराच्या पायऱ्या उतरला.

फ्रीजरशेजारी कपडे धुवायचा खोल हौद होता. हौदाच्या आत, काठाखाली चार बोटांवर, चारी बाजूंनी एक सरळ लालनिळी रेघ उमटली होती. तळाशी राखाडी गाळ होता आणि गाळात सोनेरी चांदणी छापलेला, फटाक्याच्या वेष्टनाचा तुकडा. वरच्या फळीवर लांब काड्यांची पेटी उघडी पडली होती. शेजारी बशीत वीसेक काड्या, सगळ्या मधोमध मोडलेल्या. एकीचंही टोक जळलेलं नव्हतं.

रसेलला कालपासून खिशातच राहिलेले ते हात आठवले. मग त्याने नळ सोडला, ती रेघ तळहाताने घासून काढली, काड्या आपल्या खिशात घातल्या आणि बर्फ घेऊन वर आला.

"ताडपत्री मी धड बांधलीच नव्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक माझी आहे."

व्हर्लिननी त्याच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि पुढे केला. तो कुणाच्या नजरेला पडायच्या आत रसेलने आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला, त्याची थरथर थांबेपर्यंत.