बेसिनमधला खोकला

म्हातारा गेला, पण त्याचा खोकला वॉर्डातच राहिला. दोन आखूड ठसके आणि शेवटी लांब शीळ.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला तो लागला. तिचा आजार तर मूत्रमार्गाचा! मग पाय कापलेल्या ड्रायव्हरला. तपासणीत तिघांचे जंतू वेगवेगळे निघाले. औषधांना न जुमानणारं जनुक मात्र एकच, एका जंतूने दुसऱ्याला दिलेलं. दोघंही गेले.

उरलेली प्रतिजैविकं बेसिनमध्ये ओतायची इथली जुनी खोड; त्यातले जंतू त्या औषधांना सरावले होते. वरिष्ठांनी काय केलं? त्याच बेसिनवर ‘हात धुवा’ असा फलक लावला. हेड सिस्टरने वॉर्ड रिकामा करून कुलूपच ठोकलं.

“सिस्टर, किल्ली द्या. बाळंतिणी खाली ताटकळल्यात,” अधीक्षक म्हणाले.

“नोकरी घ्या माझी. त्या पोरींना मी इथे मरायला टाकणार नाही.”

“अहो, चार जंतूंना काय घाबरता?”

बंद दाराआड, रिकाम्या वॉर्डातलं बेसिन खोकलं. दोन ठसके, लांब शीळ.

अधीक्षक काहीतरी बोलायला गेले. तोंडातून दोन ठसके आले, मग शीळ.

आतून उत्तर आलं, या वेळी दाराच्या अगदी जवळून.

सिस्टरने कुलूप काढलं. “या साहेब. आधी तुम्ही.”