साठ्यांची खाट

ट्रॅकच्या मधोमध खाटेवर पडलेल्या दिगंबर साठ्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि सायकलवरचा निरंजन ताजातवाना पुढे सुटला. आपला थकवा दुसऱ्याच्या अंगात सोडणं आता नियमात बसत होतं. तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम साठ्यांचाच होता. “माझा विक्रम मोडताना दुसरं कुणी दमलेलं मला खपणार नाही,” म्हणत त्यांनी खाट हट्टाने मागून घेतली होती.

“गाढवा, सावकाश! अजून वीस मिनिटं आहेत,” ते धापा टाकत ओरडले.

विक्रम मोडला. निरंजनला घामसुद्धा आला नव्हता. गळ्यातला हार सावरत तो खाटेपाशी गेला. साठे निथळत, डोळे मिटून हसत होते.

“काका, शेवटची पाच मिनिटं कशी होती हो?”

“तुला काय करायचंय? तू हार सांभाळ.”

निरंजन जळफळत घरी गेला. पुढच्या वर्षासाठी त्याने सायकलसाठी नाही, खाटेवर पडायला नाव नोंदवलं.