काटा खाली आहे

काटा लाल पट्टीला टेकला, तसा सासऱ्यांनी भर दुपारी गाडीचा हीटर लावला.

"इंजिनाची उष्णता बाहेर काढायची ही शास्त्रीय पद्धत आहे," ते म्हणाले. सांगितलं पुढच्या काचेला, पण ऐकवलं मागच्या सीटला. मागे त्यांची मुलगी आणि जावई बसले होते. जावई गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आज पहिल्यांदा त्याला या गाडीत बसायला मिळालं होतं. तेही दवाखान्यातून आणताना सासूबाईंना धरायला कुणीतरी हवं होतं म्हणून.

सासूबाई पुढे बसल्या होत्या. उजव्या डोळ्यावर ताज्या ऑपरेशनची पट्टी. डोळ्यात घाम जाता कामा नये, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. हीटरची झळ थेट त्यांच्या तोंडावर येत होती. त्या औषधांच्या चिठ्ठीनं वारा घेत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या रुमालानं कपाळ टिपत होत्या.

"अहो, फार गरम होतंय."

"इंजिनालाही होतंय. ते बोलतंय का काही?"

सासरे वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून त्यांनी एकच धडा घेतला होता, की विश्वास काट्यावर ठेवावा, माणसावर नाही. घरात कुणी तापानं फणफणलं तरी अंगाला हात न लावता ते आधी थर्मामीटर मागत. ही बावीस वर्षांची गाडी ते चालवत नसत, तिचं अध्यक्षपद भूषवत असत. खरं तर अशा माणसाच्या हाती चाक देऊच नये, पण घरंच्या घरं देतात.

निघायच्या आधी जावयानं गाडीखाली हिरवट ओल पाहिली होती. बोट लावून वास घेतला, तर गोडसर. "बाबा, इंजिन गार ठेवणारं पाणी गळतंय, कूलंट," तो म्हणाला होता. "पाच मिनिटं द्या, बघतो."

"कूलंटची बाटली बघा. खुणेपर्यंत भरलेली आहे."

"बाटली भरलेलीच दिसते. मध्ये गळती असली की तिच्यातलं रेडिएटरपर्यंत पोचत नाही."

"राहू द्या, जावईबापू. कशाला हात काळे करता?" मग त्याच्या नखांकडे बघून सासरे म्हणाले, "म्हणजे, आणखी."

बायकोनं त्याला बाजूला ओढलं होतं. "आज एक शब्द बोलू नकोस. त्यांना कुणी चूक म्हटलं की पुढचा आठवडा आईला भोगावा लागतो. तिला नीट घरी पोचू दे, एवढंच."

म्हणून तो गप्प होता. कान तेवढे इंजिनाकडे.

पुलाचा चढ लागला आणि हीटरमधून एकदम गार वारा यायला लागला. सासूबाईंनी चिठ्ठी मांडीवर ठेवली. "हुश्श. गार वाटलं बाई." तेवढ्यात काटाही लाल पट्टीवरून घसरला आणि सरळ तळाला जाऊन बसला.

सासऱ्यांनी मागे न बघताच बोट वर केलं. "बघा. धीर धरला की सगळं जागेवर येतं. तुमच्या गॅरेजवाल्यांनी एव्हाना निम्मं इंजिन खाली उतरवलं असतं."

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता.

"बाबा, गाडी थांबवा," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. पाणी संपलं."

"काटा खाली आहे."

"काटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच नाही तर सांगेल काय? हीटरमध्येही तेच पाणी फिरतं, म्हणून तो गार पडला. इंजिन कोरडं जळतंय, बाबा."

"तीस वर्षं काटे तपासलेत मी," सासरे म्हणाले आणि त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. त्यांना रागसुद्धा आला नव्हता. अडाण्यावर कशाला रागवायचं?

पुलाच्या माथ्यावर इंजिन खडखडलं. मग एक कर्कश घरघर झाली आणि गाडी उतारावरून नुसती घरंगळत जाऊन कडेला थांबली. किल्ली फिरवली, तर खट् असा एक आवाज आला. जळका वास आत शिरला.

जावयानं बॉनेट उघडून पाहिलं आणि परत बंद केलं. सासूबाईंना धरून त्यानं एका दुकानाच्या छपराखाली आणलं. त्यांची पट्टी घामानं भिजून एका कडेनं सुटली होती.

"तू धर ती," तो बायकोला म्हणाला. "माझे हात काळे आहेत." आणि टॅक्सी थांबवायला रस्त्यावर गेला.

गाडीतून सासऱ्यांचा आवाज आला. "अगं, एखादा चांगला मेकॅनिक मिळतो का बघ."

मुलीनं एका हातानं आईची पट्टी दाबून धरली होती. दुसऱ्या हातानं तिनं फोन काढला आणि नंबर लावला. रस्त्याच्या कडेला तिच्या नवऱ्याच्या खिशात फोन वाजला. तो वळला. तिच्याकडे बघतच त्यानं फोन कानाला लावला.

"आमच्या बाबांना चांगला मेकॅनिक हवाय," ती म्हणाली. खणखणीत आवाजात म्हणाली.

"गाडीत पाणी किती आहे, विचारा त्यांना."

ती गाडीकडे वळली. "बाबा, मेकॅनिक विचारतोय, पाणी किती आहे?"

सासऱ्यांनी सगळं ऐकलं होतं, पाहिलंही होतं. किल्ली चालू ठेवून ते तसेच ताठ बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाकून नीट पाहिलं.

"सांग त्याला," ते म्हणाले, "काटा खालीच आहे."