टाचण्यांचा खांब

शवपेटी वळणावर दिसली, तशी सेप्टिमस क्रोलने फाटकाची कडी घट्ट धरली. आज भांडण होणार. होणारच. पेटीत ओबेड पेल होता. जन्मभर लोकांची कुंपणं बांधणारा आणि जन्मभर या एका फाटकाला शिव्या घालणारा.

फाटकापलीकडे सर लॅम्बर्टांचं कुरण. कुरणातून एक पायवाट. वाटेच्या त्या टोकाला ओल्डर्सले गावचं चर्च आणि शाळा, दहा मिनिटांची चाल. पण कुरण मालकाचं, म्हणून गावाने पुलावरून तीन मैलांचा वळसा घ्यायचा. पोरांनी ओल्या बुटांनी वर्गात बसायचं. दिवस भरलेल्या बायकांनी रविवारी धापा टाकत प्रार्थनेला पोचायचं आणि पहिल्या बाकावर गादी घालून बसलेल्या मालकांच्या घराण्यासाठी देवाकडे आयुष्य मागायचं. शंभर वर्षं हेच चाललं होतं.

मेलेल्याला मात्र ही वाट मोकळी होती. तीही फुकट नव्हे. गावाची पक्की समजूत, की ज्या वाटेने शवपेटी न विचारता गेली, ती वाट कायमची गावाची. मालकांच्या पणजोबालाही ते ठाऊक होतं. म्हणून त्याने रिवाज घालून दिला : मयताच्या घरच्यांनी फाटकाच्या लाकडी खांबात एक टाचणी टोचायची. टाचणी म्हणजे परवानगी मागितल्याची खूण. खांबात आता साठेक टाचण्या होत्या. कुठली कुणाच्या मयताची, हे गावाला तोंडपाठ होतं, आणि दुसऱ्याच्या टाचणीला कुणी बोट लावत नसे. सगळ्यात खालची सेप्टिमसच्या आईची. गेल्या साली त्यानेच टोपी काढून टोचली होती. मालकांचा रखवालदार तो, मालकांच्या खोपटात राहणारा. दुसरं काय करणार होता?

ओबेडने मरायच्या आधी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज टाकला होता, वाट गावाची आहे म्हणून. सोमवारी तिथला साहेब पाहणीला येणार होता. सर लॅम्बर्ट त्याला हा खांब दाखवणार होते. दुसरा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. आजवर कुणी मागितलाच नव्हता.

ते घोड्यावर बसून कुंपणाशी थांबले होते. तीन आठवडे पाऊस लागून राहिला होता. पूल पाण्याखाली गेला होता. दुसरी वाटच नव्हती.

"मला टाचणी लागलेली बघायचीय, क्रोल. त्याच्या नावाची तर नक्कीच."

पेटी आली. सहा जणांच्या खांद्यावर, मागे सगळं गाव. ओबेडची बायको केझाया सर्वांत पुढे. सेप्टिमस आणि ती एकाच गल्लीत वाढलेले. त्याने नजर चुकवली. तिने चुकवली नाही.

"कोट चांगलाय रे, सेप. मालकांचा का?"

"टाचणी आणलीयस ना, केझाया? उगाच तमाशा नको."

"आणलीय की."

तिने शालीतून टाचणी काढली, मालकांना दिसेल अशी उंच धरली. मग खांबाला बिलगून उभी राहिली, बराच वेळ. या बाईने थुंकायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. पण हे गाव ओरडणारं नव्हतंच कधी. युद्धात नऊ पोरं गेली, तेव्हा त्यांनी दगडावर नऊ नावं कोरली आणि दुसऱ्या दिवशी बटाटे काढायला गेले. सेप्टिमसला त्यांची चीड आली. स्वतःची जास्त आली.

केझाया बाजूला झाली. तिच्यामागून लोहार आला, त्यानेही खांबावर हात ठेवला, मान खाली घातली. मग दाईबाई. मग लोहाराचा थोरला भाऊ. एकेक जण थांबत होता, हात ठेवत होता, पुढे सरकत होता. जानेवारीची बोचरी थंडी, आणि एकाच्याही हातात मोजे नव्हते.

"हातमोजे घ्यायची ऐपत नाही, आणि निघाले माझ्याशी भांडायला," मालक म्हणाले. मग जरा हसले. "पण बघ, खांबाला हात लावून जातायत. वळण लागलं म्हणायचं गावाला."

सेप्टिमसच्या पायांना चैन नव्हती. चिखलात तो या पायावरून त्या पायावर होत राहिला. शेवटची म्हातारी कुरणात शिरली. पेटी पार झाडांपाशी पोचली होती. मालकांनी घोडा वळवला.

सेप्टिमस फाटक लावायला वळला आणि थबकला.

खांबात केझायाची टाचणी नव्हती. लोहाराच्या बापाची नव्हती. दाईबाईच्या दोन पोरींच्या नव्हत्या. पावसाने पावासारख्या मऊ झालेल्या लाकडात नुसती भोकं होती, साठेक, आणि काहींच्या कडेला ताजं रक्त. नखांनी उपटल्या होत्या.

अगदी खाली एक टाचणी तेवढी शिल्लक होती. तिला कुणी बोट लावलं नव्हतं.

दूर कुरणात केझाया थांबली होती. मागे वळून नुसती बघत होती.

"क्रोल," वळणावरून मालकांचा आवाज आला, "सगळं ठीक ना खांबाचं?"

"ठीक करतोय, मालक," सेप्टिमस म्हणाला, आणि त्याने दातांनी हातमोजा ओढून काढला.