मीठ बघणारी

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडून झाली की बायकांना न्याहारीला तानुबाईच्या हातची अंडी लागायची. पातेल्यात कांदा-खोबऱ्याचा जाळ तिखट रस्सा, त्यात फोडून सोडलेली अंडी, वर झाकण आणि झाकणावर निखारे. नवरा गेल्यापासून तानुबाई नुसती रांधायची. विधवेनं अंडं-मटण तोंडाला लावायचं नाही, ही त्या घरची रीत. मीठ बघायचं काम थोरल्या जावेचं.

अठ्ठ्याहत्तर सालीही जावेनं हात पुढं केला. "दे गं तानू, मीठ बघते."

तानुबाईनं झाकण उतरवलं, मधलं टपोरं अंडं पळीनं उचललं, फुंकर मारली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडात टाकलं.

"अगं, पातेलं उष्टं केलंस की. आता कोण खाणार हे?" जाऊ म्हणाली.

"मीठ बराबर हाय," तानुबाई म्हणाली. "जिला खायाचं तिनं ताट पुढं करावं. जिला न्हाय, तिला दार उघडं हाय."

कुणी हलेना. जाऊ सासूकडं वळली. "आत्ती, तुमच्या डोळ्यांम्होरं ही असं करतीया, आन् तुम्ही गप?"

सासू बाळाबाई कोपऱ्यात ताक-भाकरी घेऊन बसली होती. या सुना घरात यायच्या कितीतरी आधीपासून, मालक गेल्यापासून, ती असल्या दिवशी ताक-भाकरीच खात आली होती. तिनं ताकाची वाटी बाजूला सारली आणि ताट पुढं सरकवलं.

"मला दोन वाढ गं तानू. मागलं लई ऱ्हायलंय."